बारा यार्डांवर थांबायचं

“तुला थांबता येत नाही,” कोच म्हणाले.

ऑगस्ट २०१०. डॅलसच्या उत्तरेचं एक उपनगर, सकाळचे साडेसात, आणि मैदानावरच्या प्लास्टिकच्या गवताची धग तेव्हाच पायांना लागत होती. मी नववीत होतो. चाळीस यार्डांच्या शर्यतीत आमच्या तुकडीत माझा दुसरा नंबर आला होता, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलच्या संघात वाईड रिसीव्हरची, म्हणजे पुढे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याची जागा आपलीच, अशी माझी खात्री झाली होती. कोचनी बारा यार्डांवर एक शंकू ठेवला. पूर्ण वेगात तिथपर्यंत जायचं, थांबायचं, वळून त्यांच्याकडे बघायचं. मी सुटलो. शंकू मागे पडला तरी माझे पाय चालूच होते. थांबायला मला सहा पावलं लागली, आणि ती त्यांनी मोठ्याने मोजली. “सहा पावलांत कॉर्नरबॅक तुझ्या पुढे येऊन चेंडू घेऊन जाईल. पळणारी मुलं माझ्याकडे ढिगाने आहेत. मला तीन पावलांत थांबणारा हवा.”

त्यानंतर मी हा खेळ आठ हंगाम खेळलो, चार शाळेचे आणि चार कॉलेजचे. व्यावसायिक खेळाडू झालो नाही, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांतही खेळलो नाही. पण अमेरिकेत हा खेळ खेळणारी बहुतेक मुलं माझ्यासारखीच असतात. नातेवाइकांना अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हेल्मेट आणि टकरा आठवतात. रिसीव्हर म्हणून घडणं म्हणजे रोज उठून नेमकं काय करणं, हे मला मराठीत कधी नीट सांगता आलं नव्हतं. ते आता सांगतो.

आम्ही २००७ मध्ये सांगलीहून टेक्सासला आलो. रिचर्डसनच्या ज्या पट्ट्याला तिकडे टेलिकॉम कॉरिडॉर म्हणतात, तिथे बाबांना नोकरी लागली होती. मी अकरा वर्षांचा, पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. दोन खेळ येत होते: गल्लीतलं क्रिकेट आणि शाळेच्या पटांगणावरचा खो-खो. क्रिकेटमुळे चेंडूची भीती नव्हती. खो-खोने मात्र मला पुढे खूप दिलं आणि सुरुवातीला तितकंच अडवलं. ते पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान शंभर यार्ड लांब, त्रेपन्न यार्ड आणि एक फूट रुंद. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले तर पुन्हा चार. मधोमध दांडगी मुलं एकमेकांना ढकलतात, त्यांच्या मागे क्वार्टरबॅक उभा असतो आणि तो चेंडू फेकतो. आम्ही रिसीव्हर कडेला, बाहेरच्या रेषेजवळ, जवळजवळ एकटे. समोर एक कॉर्नरबॅक. त्याचं काम आम्हाला चेंडू मिळू न देणं. पन्नास-साठ डावांच्या सामन्यात आमच्या शाळेत माझ्याकडे चेंडू फेकला जायचा पाच-सहा वेळा. उरलेले सगळे डाव मी एक तर कॉर्नरबॅकला अडवून धरत होतो, नाही तर न येणाऱ्या चेंडूसाठी जीव तोडून धावत होतो. त्या धावण्यात कसर केली तर समोरच्याला लगेच कळतं की चेंडू आज इकडे नाही, आणि तो दुसऱ्याच्या मदतीला जातो.

आधी हातांबद्दल. क्रिकेटचा झेल घेताना चेंडू ओंजळीत घेऊन अंगाकडे ओढायची सवय होती. इथे चेंडू सुमारे अकरा इंच लांब, दोन्ही टोकांना निमुळता, आणि स्वतःभोवती गिरक्या घेत येणारा. अंगाकडे घेतला की छातीच्या कवचावर आपटून उडतो. छातीच्या वर आलेला चेंडू दोन्ही अंगठे जवळ आणून घ्यायचा, बोटं वर. कमरेखालचा चेंडू करंगळ्या जोडून. आणि घ्यायचा तो बोटांनी. आमच्या कोचची कसोटी साधी होती: आवाज. ‘थप्प’ वाजला तर चेंडू तळहातावर आला, म्हणजे चूक. काहीच वाजलं नाही तर बोटांनी घेतला. शाळेत जग्ज नावाचं यंत्र होतं, फिरणाऱ्या दोन चाकांतून चेंडू फेकणारं. सरावानंतर मी त्यावर रोज शंभर चेंडू घ्यायचो. पहिल्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. आई हळद लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणं मला जास्त लागायचं.

सुट्टीच्या दिवशी बाबा बागेत माझ्यासाठी चेंडू फेकायचे. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे फेकावा तसा ते फेकत, त्यामुळे चेंडू हवेत गटांगळ्या खात यायचा. पुढे कळलं की त्याने माझे हात जास्त तयार झाले. सरळ गिरकीचा चेंडू कुणीही घेतो. पावसात, वाऱ्यात, क्वार्टरबॅकला धक्का बसल्यावर येणारा चेंडू बाबांच्या चेंडूसारखाच असतो.

आता थांबण्याकडे येतो, कारण सगळं मर्म तिथे आहे.

रिसीव्हर ज्या ठरलेल्या वाटेने धावतो तिला रूट म्हणतात. मुख्य रूट नऊ, आणि त्यांना आकडे असतात. विषम आकडा असेल तर बाहेरच्या रेषेकडे वळायचं, सम असेल तर मैदानाच्या मध्याकडे. दोन म्हणजे स्लँट, तीन पावलं टाकून आत तिरकं. चार म्हणजे कर्ल, बारा-चौदा यार्ड जाऊन थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे परतायचं. आठ म्हणजे पोस्ट, गोलच्या खांबाच्या दिशेने तिरकं. नऊ म्हणजे सरळ, शेवटपर्यंत. एकदा डोक्यात बसलं की हे पाढ्यासारखं म्हणता येतं. अवघड भाग असा की लांबचे सगळे रूट पहिली दहा यार्ड हुबेहूब एकसारखे दिसले पाहिजेत. कॉर्नरबॅकला प्रत्येक वेळी वाटलं पाहिजे की हा आता सरळ पळून जाणार. तो जिवाच्या भीतीने मागे पळायला लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी आपण थांबतो. त्याच्या आणि आपल्यामध्ये जी तीन-चार यार्डांची मोकळी जागा तयार होते, तिच्यावर रिसीव्हरचं पोट भरतं.

म्हणून वेग किती आहे यापेक्षा तो किती लवकर मोडता येतो, हे मोलाचं. याचे दाखले इतिहासात आहेत. बॉब हेज १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकून पुढच्या वर्षी डॅलस काउबॉइजकडून खेळायला आला, आणि त्याला एकट्याने धरणं कुणाला जमेना म्हणून प्रतिस्पर्धी माणसाऐवजी जागा राखायला लागले. नुसत्या वेगाने खेळ बदलला तो असा. पण रेनाल्डो नेहेमाया, अडथळ्यांच्या शर्यतीचा विश्वविक्रमवीर, १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला आणि तीन हंगामांत त्याचे झेल झाले ४३. तो गेल्यावर १९८५ मध्ये त्याच संघाने जेरी राइसला घेतलं. राइस मिसिसिपीतल्या गवंड्याचा मुलगा, उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली काम करताना भावांनी खालून फेकलेल्या विटा झेलत मोठा झालेला. चाळीस यार्डांत तो फार वेगवान नाही अशी त्याच्याबद्दल कुजबुज होती. तो वीस हंगाम खेळला, १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड. त्याच्या जुन्या फिती मी शेकडो वेळा पाहिल्या. धावताना आणि थांबताना त्याच्या खांद्यांची उंची बदलत नाही. बस्स, एवढंच. एवढं जमायला मला तीन वर्षं लागली.

आणि इथे खो-खो आडवा आला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याचा खांदा एकदा एका बाजूला वळला की त्याची दिशा ठरली. खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. त्यामुळे सांगलीत सरांनी आम्हाला खांदे वाचायला आणि खांद्यांनीच हूल द्यायला शिकवलं होतं. मी टेक्सासमध्ये तेच करत होतो. खांदा डावीकडे झुकवायचा आणि उजवीकडे सुटायचं. समोरचा ढिम्म हलत नसे. शेवटी एका कॉर्नरबॅकनेच मला सांगितलं, सरावानंतर पाणी पिता पिता: “मी तुझे खांदे बघतच नाही. मी तुझी कंबर बघतो. खांदे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही.”

त्या दिवसापासून मी कमरेला खोटं बोलायला शिकवलं. थांबण्याआधीच्या दोन पावलांत माणूस आपोआप ताठ होतो, छाती वर येते, हात मंदावतात. हे तिन्ही मोडायचं. छाती पायाच्या बोटांवर झुकलेली ठेवायची, हात उलट अधिक जोरात चालवायचे, आणि कंबर एकदम खाली सोडायची, खुर्ची ओढून घेतल्यासारखी. पाऊल अंगाच्या पुढे टाकायचं नाही, अंगाखाली टाकायचं. एक, दोन, तीन, आणि वळ. अंगणात, गॅरेजमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये झब्बा घालूनसुद्धा मी ते केलं आहे.

अकरावीत वरच्या संघात आलो. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र या खेळाची असते. अख्खं गाव स्टेडियमवर येतं, बँड येतो, आजी-आजोबा खुर्चीच्या गाद्या घेऊन येतात. जवळच्या ॲलनमध्ये २०१२ साली शाळेसाठी सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार आसनांचं स्टेडियम उघडलं होतं. बारावीत तिथे खेळायला गेलो तेव्हा बोगद्यातून बाहेर येताना माझ्या हातापायांना मुंग्या आल्या. त्यांचा क्वार्टरबॅक होता कायलर मरी, जो पुढे २०१९ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगच्या, निवडीत पहिला निवडला गेला. शाळेत त्याने पहिल्यापासून खेळलेल्या ४२ सामन्यांपैकी एकही हरला नाही, तेव्हा आमचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. मी तीन झेल घेतले. एक कर्ल होता, तीन पावलांचा, आणि वळलो तेव्हा जवळ कुणीच नव्हतं. त्या शांततेसाठी मी हा खेळ खेळलो असं मला आजही वाटतं.

दर गुरुवारी रात्री संघाचं जेवण असे आणि मुलांच्या आया आळीपाळीने ते करत. आमची पाळी आली तेव्हा आईने दीडशे बटाटेवडे तळले. सोबत पाव, लसणाची चटणी. तीनशे पौंडांच्या, आमच्या पुढच्या फळीतल्या एका मुलाने अकरा खाल्ले आणि तिला “मॅम, थँक यू” म्हणून वाकून मिठी मारली. आई त्या दिवसापासून सामन्यांना यायला लागली. तोपर्यंत ती यायची नाही. कुठे तरी तिने डॅरिल स्टिंगलीबद्दल वाचलं होतं: न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रिसीव्हर, ऑगस्ट १९७८ मधल्या एका सराव सामन्यात मैदानाच्या मध्यात चेंडू घ्यायला झेपावला, समोरून धडक बसली आणि उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. संमतीपत्रावर सही बाबांनी केली होती. मैदानाच्या मध्याकडे जाणारा रूट असला की आई डोळे मिटायची, हे मला बहिणीने सांगितलं. ती भीती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षी स्लँटवर मला तशीच धडक बसली, डोक्याला मार लागला आणि सामन्यातली पुढची दहा मिनिटं मला आजही आठवत नाहीत. तीन आठवडे मला उजेड सहन होत नव्हता. चेंडू माझ्या हातात राहिला होता असं सांगतात. मला त्यात अभिमान वाटत नाही.

आता निवडीबद्दल, कारण आपल्याकडच्या पालकांना यातलं फार थोडं माहीत असतं. अमेरिकेत दहा लाखांहून अधिक मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. कॉलेजात जागा मिळते ती त्यातल्या साधारण शंभरातल्या सात जणांना, आणि त्यातही तीन पायऱ्या. माझ्या वेळी वरच्या पायरीवरच्या मोठ्या विद्यापीठांत संपूर्ण शिष्यवृत्ती, दुसरीवर थोडी थोडी वाटलेली, तिसरीवर खेळासाठी एक डॉलरही नाही. मी पाच फूट दहा इंच, १६८ पौंड, चाळीस यार्डांना ४.६८ सेकंद. बारावीत दहा सामन्यांत ३१ झेल. हडल या खेळाडूंच्या चित्रफितींच्या संकेतस्थळावर चार मिनिटांची चित्रफीत बनवली आणि ५२ कॉलेजांच्या कोचना पाठवली. नकार फार थोड्यांनी दिला, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. एका कॉलेजचे कोच मात्र पाच महिने दर आठवड्याला फोन करत होते. “तुझी जागा धरून ठेवली आहे,” म्हणायचे. जानेवारीत फोन बंद झाले. मी केलेला फोनही उचलला नाही. नंतर कळलं, त्यांना माझ्याहून चार इंच उंच मुलगा मिळाला होता. निवड बदलली याचं दुःख नाही, तो त्यांचा अधिकार. सतरा वर्षांच्या मुलाला ते फोनवर सांगायला हवं होतं.

५ फेब्रुवारी २०१४ ला, विद्यापीठांच्या करारावर सही करण्याच्या दिवशी, शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं होतं. आमच्यातले चौघे आपापल्या विद्यापीठांच्या टोप्या घालून बसले, आईवडील मागे उभे. मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या आणि खऱ्याच वाजवल्या. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “तुला खेळायचंय की दाखवायचंय?” मी म्हटलं, खेळायचंय. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि आम्ही तिसऱ्या पायरीची कॉलेजं शोधायला बसलो.

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात प्रवेश घेतला. खेळाचे पैसे नाहीत, पण मार्कांवर निम्म्याहून थोडी जास्त फी माफ झाली. तिथे माझ्या मनात एक नाव होतं. ओहायोतल्याच अलायन्स गावातलं माउंट युनियन विद्यापीठ, तिसऱ्या पायरीवरचं बलाढ्य नाव. तिथून पिएर गार्सोन २००८ मध्ये सहाव्या फेरीत एनएफएलमध्ये गेला, आणि २०१३ च्या हंगामात, मी जेव्हा जिममध्ये टाळ्या वाजवायच्या वाटेवर होतो तेव्हा, त्याने ११३ झेल घेऊन सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर मिळवला होता. म्हणजे दार बंद नव्हतं. फक्त फार अरुंद होतं.

पहिलं वर्ष मी एकाही सामन्यात उतरलो नाही. आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या रिसीव्हरची नक्कल करायची, आपल्या कॉर्नरबॅकांच्या सरावासाठी. कोच पुठ्ठ्यावर काढलेला डाव डोक्यावर धरतात, आपण तो बघून धावायचं. हे काम मला आवडलं. दर आठवड्याला वेगळ्या माणसाची चाल, वेगळी थांबायची लकब अंगात घ्यावी लागायची. नटाला जे करावं लागतं तसंच ते होतं.

आणि तिथेच मला वेळेवर फेकलेल्या चेंडूचा अर्थ कळला. शाळेत मी वळायचो, मग क्वार्टरबॅक मला बघून फेकायचा. कॉलेजात कर्लचा चेंडू मी वळण्याआधीच हवेत असतो. क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जातो आणि पाचवं पाऊल टेकताच फेकतो, त्या वेळी मी अजून पुढे पळतोय, माझी पाठ त्याच्याकडे. तो माणसाकडे फेकत नाही, जागेकडे फेकतो. मी चौदा यार्ड जाऊन बाराव्या यार्डावर परत येईन, याच्या भरवशावर. चौथं पाऊल लागलं तर चेंडू कॉर्नरबॅकच्या हातात. वळतो तोच चेंडू डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. पहिल्यांदा तो माझ्या हेल्मेटवर आदळला. जून-जुलैच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या क्वार्टरबॅकने आणि मी तो एकच रूट हजारो वेळा केला. त्याला माझ्या बुटांचा आवाज ओळखू यायला लागला होता, मान वळवून न बघता तो सांगायचा, “आज साडेतीन पावलं.”

११ जानेवारी २०१५ ला मी सुट्टीत घरी होतो. काउबॉइज ग्रीन बेमध्ये खेळत होते, चौथा प्रयत्न, आणि त्यांचा रिसीव्हर डेझ ब्रायंटने कॉर्नरबॅकच्या डोक्यावरून चेंडू उचलला. आमच्या घरात आरडाओरडा. मग पंचांनी पुन्हा बघितलं आणि झेल रद्द केला, कारण जमिनीवर पडताना चेंडू हलला होता. मी सोफ्यावरून उठून उभा. बाबा शांतपणे म्हणाले, “क्रिकेटमध्येही असंच आहे. चेंडूवर ताबा हवा आणि स्वतःच्या अंगावरही. हात टेकून चेंडू सुटला तर झेल नाही.” आमचा वाद रात्री जेवणापर्यंत चालला. २०१८ मध्ये एनएफएलने झेलाचा नियम बदलला तेव्हा मी त्यांना सकाळी सहाला फोन केला होता.

दुसऱ्या वर्षी १४ झेल. तिसऱ्या वर्षी पहिल्या सहा सामन्यांत २५, आणि मी आमच्या संघाचा पहिला रिसीव्हर झालो होतो. मग ऑक्टोबर २०१६, मंगळवारचा सराव. पाऊस नव्हता, गवत कोरडं, आणि जवळ कुणी नव्हतं. कर्ल. एक, दोन, तिसरं पाऊल टेकवलं, कंबर खाली सोडली आणि डाव्या गुडघ्यात ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटला होता. हा अस्थिबंध कित्येकदा असाच तुटतो, कुणाच्या धक्क्याशिवाय, वेग मोडताना. जे शिकण्यात माझी सहा वर्षं गेली होती, तेच करताना तो तुटला. मी मैदानावर पडलो होतो आणि क्वार्टरबॅक माझ्याशेजारी बसून राहिला. दोघांनाही माहीत होतं.

शस्त्रक्रियेत गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडराची पट्टी काढून नवा बंध बसवला. आई ओहायोला आली आणि सहा आठवडे माझ्या खोलीजवळ भाड्याने राहिली. पहिला व्यायाम होता पडल्या पडल्या सरळ पाय उचलायचा. मांडी माझं ऐकतच नव्हती. हुकूम डोक्यातून निघायचा आणि पोहोचायचा नाही. पाय फूटभर वर आला त्या दिवशी आईने खिचडीवर जास्तीचं तूप वाढलं.

मला घाई होती. मी फिजिओथेरपिस्टला जेरी राइसचं उदाहरण दिलं. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा हाच अस्थिबंध तुटला आणि साधारण साडेतीन महिन्यांत तो मैदानावर परतला. तिने विचारलं, “आणि त्या सामन्यात काय झालं?” मला माहीत होतं. त्याने त्या रात्री टचडाउन करून गुण मिळवले, आणि पडताना त्याच गुडघ्याची वाटी फुटली. मग मी गप्प बसलो आणि दहा महिने दिले. सहाव्या महिन्यात तिने मला वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर उभं केलं आणि म्हणाली, खाली उतर, एका पायावर, आणि उतरलास की हलू नकोस. मी हललो. पुन्हा. पुन्हा. ठोकळा, उतरणं, थांबणं. नववीतला शंकू आठवला. तिथल्यापेक्षा मागे जाऊन मी पुन्हा सुरुवात करत होतो, आणि या खेपेला माझ्या मनात भीती होती, जी चौदाव्या वर्षी नव्हती. बंध भरला तरी भीती बरेच दिवस मागे राहते. कुणी मला हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२०१७ चा हंगाम मी पूर्ण खेळलो. १९ झेल. डावं पाऊल टेकवताना चौथं पाऊल कधी कधी लागायचं आणि क्वार्टरबॅक त्याप्रमाणे अर्धा क्षण उशिरा फेकायचा. त्याने ते मला कधीच सांगितलं नाही. चित्रफीत बघताना माझ्या लक्षात आलं. माउंट युनियनशी आम्ही चारही वर्षं हरलो, आणि २०१५ आणि २०१७ मध्ये तेच तिसऱ्या पायरीचे राष्ट्रीय विजेते झाले. नोव्हेंबरमधल्या शेवटच्या सामन्यातला माझा शेवटचा डाव नऊ आकड्याचा होता. सरळ, शेवटपर्यंत, मागच्या रक्षकाला ओढून न्यायला. तो माझ्यामागे आला, मोकळ्या झालेल्या जागेत आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने चेंडू घेतला आणि पहिला डाऊन, म्हणजे नवे चार प्रयत्न मिळाले. मी वळून बघितलं तेव्हा तो उठत होता. पुढच्या वसंतात एनएफएलच्या निवडीत २५६ नावं पुकारली गेली. मी त्या दिवशी पुलांच्या आराखड्याची परीक्षा देत होतो.

आता मी डॅलसमध्ये सिव्हिल इंजिनीअर आहे आणि शनिवारी सकाळी अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवतो. यात टक्कर नाही, कमरेला लटकवलेली पट्टी ओढली की डाव संपतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे, क्रिकेटबरोबर. आईला हा खेळ मान्य आहे.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. पुढच्या शनिवारी मी त्यातले तुकडे फोनवर मुलांना दाखवले. पूर्ण वेगात आलेला खेळाडू खांबाला हात घालतो, कंबर खाली जाते आणि क्षणात दुसऱ्या दिशेला सुटतो. मुलांनी तो तुकडा सात-आठ वेळा लावायला सांगितला. मग एका मुलीने विचारलं, “आपल्याकडे खांब कुठाय?”

मैदानाच्या टोकाला गोलचा खांब होता, भोवती जाड फोम गुंडाळलेला. आठ जणं तिकडे पळत सुटली. मी शंकू उचलून बारा यार्ड मोजायला लागलो.